शेरा

महापेला, सातव्या मजल्यावर,
एका वाक्याला पंचेचाळीस सेकंद मिळतात.
नौपाड्यातल्या छापखान्यात
एका ऱ्हस्व-दीर्घावरून आम्ही अख्खी दुपार भांडायचो.
तो बंद पडला. माझी लाल शाई
तिथल्याच टेबलाच्या खणात राहिली.

आता मी यंत्राची उत्तरं तपासते.
व्याकरण: पाचपैकी. सौजन्य: पाचपैकी.
धोका: आहे, नाही, सांगता येत नाही.
खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो,
खाणींनी अर्धा खाल्लेला.
त्याच्यासाठी रकाना नाही.

जेवताना वाद रोजचाच.
ओजस म्हणतो, दहा वर्षं, फार तर पंधरा,
मग माणसाला कुणी विचारणार नाही.
कौशाचा मुद्दस्सर म्हणतो, हट्,
पाढे घोकलेलं पोर आहे ते,
उलटा पाढा विचार, नाक पुसत बसेल.
ओजसचा डबा गार होतो,
मुद्दस्सर त्यातली भेंडी उचलतो.
कर्णिक मॅडम, तुम्ही कुणाच्या बाजूला?
मी समासात, म्हणते मी.
खुणा करायला जागा तिथेच असते.

मंगळवारी, वाक्य तीन हजार एकशे सतरा.
कुणीतरी लिहिलं होतं:
"सगळं आवरलंय. दुधाचे पैसे डब्याखाली ठेवलेत.
जातो."
यंत्राचं उत्तर:
"आपला प्रवास सुखाचा होवो!
सोबत पाण्याची बाटली ठेवायला विसरू नका."

व्याकरण, पाच. सौजन्य, पाच.

आमच्यात जातो म्हणत नाहीत.
कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची असली तरी येतो.
चुकून जाते म्हटलं की आई चपला काढायला लावायची,
आत ये, घोटभर पाणी पी,
नीट सांग, मग नीघ.
हे कुठल्या कोशात असेलही.
पण कोशाला उंबरा नसतो.

बेचाळीस सेकंद झाली होती.
धोका: आहे.
आणि शेऱ्यात लिहिलं,
हा माणूस येतो म्हणालेला नाही.

निनादला विचारलं, कोण हा?
मॅडम, जुनं असतं हे सगळं,
किंवा कुणी बसून रचलेलं.
नाव-गाव येत नाही आपल्याकडे.
रचलेलं, तर दुधाचे पैसे कुणाला सुचले?
एवढं विचारेपर्यंत पुढचं वाक्य आलं,
पुरणाला हरभऱ्याची डाळ किती लागते.

तीन महिन्यांनी नवी आवृत्ती.
ओजसने मुद्दाम टाइप केलं: जातो.
पडद्यावर उमटलं,
"येतो का नाही म्हणालात?
थोडं थांबाल? घरात आत्ता कोण आहे?"
टेबलाभोवती कुणी जेवेना.
बघा, कळलं त्याला, ओजस म्हणाला.
त्याला काय कळलंय, मॅडमना कळलं होतं, मुद्दस्सर.
दोघांनी माझ्याकडे पाहिलं,
शाबासकी द्यायला की मागायला, कोण जाणे.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू.
आणि विटाव्याच्या पुलाखाली बस अडकली
तेव्हा पोटात खड्डा पडला.
माणूस नेमका कुठे हळवा होऊन थांबतो
ती जागा मी बोट ठेवून दाखवली आहे,
आणि ज्याला दाखवली त्याचा मालक
मी पाहिलेला नाही.
उद्या त्याच जागी तो तेल विकेल, मत मागेल,
येते हं, म्हणेल मायेने,
कुठूनही न येता.

तरी त्या रात्री त्या माणसाला
कुणीही, कशानेही, थांबा म्हटलं असतं तर
हे वाक्य मला पुरं करता येत नाही,
शेवटी कुठलं चिन्ह द्यायचं तेही,
तीस वर्षांच्या नोकरीनंतर.

दुधाचे पैसे मात्र मी हल्ली हातात देते.
मावशी, स्कॅन करा की, रुपेश म्हणतो.
नाही. हात पुढे कर.
तो हसतो, ओल्या बोटांनी नोट घेतो.
येतो, कधी म्हणतो, घाईत कधी नाही.
त्याची पावलं जिना उतरेपर्यंत
मी दार लावत नाही.